पावसाने पुसलेला फटका

दिवाळी अंकासाठी जपानमधल्या नोकरीबद्दल काहीतरी गोड लिहून द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. चेरीची फुलं, सेकंदाला धरून सुटणाऱ्या गाड्या, विसरलेली छत्री धावत आणून देणारा स्टेशनवरचा माणूस, हे सगळं माझ्याआधी जाऊन आलेल्यांनी लिहून झालंय, आणि ते खरंही आहे. माझ्याकडे सांगण्यासारखी जी गोष्ट आहे ती गोड नाही. पण नरकचतुर्दशीला फराळाच्या आधी आपण कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतोच. तेव्हा हा लेख चकलीच्या आधी वाचावा.

मी टेस्टर होते. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, आणि लिहिलेल्यात चुका काढणारे वेगळे. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारी एक आत्या असते, तशी प्रत्येक प्रोजेक्टला एक टेस्टर असते. फरक इतकाच की आत्याला पुरावा द्यावा लागत नाही. आम्हाला चूक नेमकी कुठे आहे, कशी घडते, पुन्हा घडवून दाखवता येते का, हे सगळं लिहून तो 'बग' नोंदवावा लागतो. दुरुस्ती झाली की पुन्हा तपासायचं आणि स्वतःच्या नावाने तो बंद करायचा. आधी पुण्यात आणि मग जपानमध्ये मिळून तीस वर्षं मी हे केलं. दुसऱ्याची चूक सापडल्यावर होणारा आनंद फारसा शोभादायक नसतो, पण तो व्हायचा, खोटं कशाला बोलू.

नवरा प्रकाश बँकेच्या पोस्टिंगवर टोकियोत होता, आम्ही निशी-कसाईला राहायचो, आणि मी रोज कावासाकीच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत जायचे. तिथे मी कुरुकारुनी-सान होते. कुलकर्णी हे नाव जपानी जिभेवरून यापेक्षा आखूड होऊन उतरत नाही.

२०११च्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं: एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा इतिहास आणि कामगिरी. वेबसाइट, तिच्यामागचा सगळा डेटाबेस, आणि त्यातून निघणारी नावांची यादी. ती यादी स्टेडियमच्या दारातल्या भिंतीवर धातूच्या अक्षरांत बसणार होती. संघाचं नाव मी सांगणार नाही. करारावर सही केली आहे, आणि जपानी करार माणसापेक्षा जास्त जगतात.

जपानला बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेट, इतकं म्हटलं की वेड किती ते कळेल. पण तिथले संघ शहरापेक्षा मालक कंपनीच्या नावाने जास्त ओळखले जातात. कंपनीचे दिवस फिरले की ती संघ विकते. नवा मालक नाव बदलतो, टोपी बदलतो, कधीकधी गावसुद्धा बदलतो. आमचा संघ तीन मालकांच्या हाताखालून आला होता. आधी एक रेल्वे कंपनी, मग एक कापडगिरणी, मग आत्ताचे. त्यामुळे माझा पहिलाच प्रश्न होता की डेटाबेसमध्ये हा एक संघ धरायचा की तीन?

या प्रश्नावर महिनाभर मीटिंगा झाल्या. संघाच्या जनसंपर्क विभागाचे हिरोसे-सान दर वेळी वरून नवा निरोप घेऊन यायचे. अत्यंत सभ्य माणूस. दार उघडून आधी मला आत जाऊ देणारा त्या इमारतीतला तो एकटाच. शेवटी असं ठरलं की विजेतेपदं रेल्वेच्या काळापासूनची सगळी मोजायची, कारण संघ एकच, परंपरा अखंड. गिरणीच्या काळात मात्र हा संघ ओळीने इतके सामने हरला होता की तो एक विक्रमच होता. त्याचं काय? हिरोसे-सान खाली बघत म्हणाले, "ते त्या वेळच्या संघाचं आहे. आत्ताच्या संघाशी त्याचा थेट संबंध जोडणं बरं दिसणार नाही."

म्हणजे जिंकलेलं सगळं लेकीबरोबर सासरी आलं आणि हरलेलं माहेरीच राहिलं. मी हे मराठीतच पुटपुटले, म्हणून नोकरी टिकली.

आणखी एक. भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात संघाने उत्तरेत जाऊन मदतीसाठी एक प्रदर्शनीय सामना खेळला होता. प्रदर्शनीय सामने अधिकृत नोंदीत धरत नाहीत, हा नियम. पण कामगिरीच्या यादीत तो सामना फोटोसकट होता, कारण पहिला चेंडू मालक कंपनीच्या अध्यक्षांनी टाकला होता. मी इमाने इतबारे बग नोंदवला. उत्तर आलं, हा बग नाही, हे असंच हवं आहे. आमच्या धंद्यात या उत्तरापुढे इलाज नसतो. मी तो माझ्या नावाने बंद केला आणि विसरले.

मग वह्या आल्या.

गिरणीच्या काळात संघाच्या राखीव खेळाडूंचं वसतिगृह सेंदाईच्या पुढे समुद्रकाठच्या एका गावात होतं. प्रत्येक संघाचा एक दुसरा संघ असतो, त्याला निगुन म्हणतात. तिथली पोरं वर्षानुवर्षं वरच्या संघाकडून बोलावणं येण्याची वाट बघतात आणि बहुतेकांना ते येत नाही. त्या वसतिगृहाच्या कोठारात संघाच्या जुन्या स्कोअरवह्या कुणीतरी टाकल्या होत्या आणि सगळे विसरले होते. त्सुनामीने कोठार फोडलं. एक्केचाळीस वह्या चिखलातून निघाल्या आणि गावातल्या शाळेच्या जिममध्ये पोचल्या, जिथे स्वयंसेवक चिखलातून आलेले लोकांचे फोटो धुऊन वाळवत होते. मालकांना ही बातमी आवडली. वर्तमानपत्राला देण्याजोगी होती. वह्या ताब्यात घेऊन स्कॅन करायच्या, असा निरोप आला आणि माझे बॉस मोरिता-सान यांनी मला धाडलं.

सेंदाईपर्यंत गाडी, पुढे बस, आणि त्यापुढे जिथे गाव होतं तिथे नुसती जोती. जिममध्ये दोऱ्यांवर हजारो फोटो चिमट्यांनी लावलेले. बारशाचे, लग्नांचे, शाळेच्या सहलींचे. सत्तरीची एक बाई रबरी हातमोजे घालून मऊ ब्रशने पान धूत होती. तिनेच मला वह्या दाखवल्या.

"फोटो नाहीत हे कळत होतं," ती म्हणाली, "पण चिखलातून आलंय म्हणजे कुणाचं तरी असणारच. म्हणून धुतलं."

तिचं नाव किकुची-सान. स्वतःच्या घरातला एक तरी फोटो मिळेल म्हणून ती दीड वर्ष रोज तिथे येत होती आणि दुसऱ्यांचे फोटो धूत होती. मिळाला नव्हता. लाट आली तेव्हा तिचा नवरा धक्क्यावर होता. गावात तो कालवांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती करायचा, पण मूळचा गावचा नव्हता. आला होता निगुनचा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक म्हणून. सहा वर्षं राखीव राहिला, मग संघाने सोडून दिलं, आणि तो तिच्याशी लग्न करून तिथेच राहिला.

मी वह्या खोक्यात भरत होते. तिने चहा आणला आणि जरा वेळ उभी राहून म्हणाली, "तुम्हाला कामातून वेळ झाला तर. नाही झाला तरी चालेल."

"सांगा ना."

"माझा नवरा एकदाच वरच्या संघातून खेळला, असं तो सांगायचा. एकच दिवस. वरच्या कॅचरचं बोट मोडलं म्हणून याला बोलावलं. पाऊस पडत होता, हेल्मेटवरून थेंब नाकावर येत होता, आणि याने शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून फटका मारला. डावीकडे. पिताना दर वेळी हेच. लग्नाला आलेले, बारशाला आलेले, सगळ्यांना पाठ झालं होतं. पेपरात आलंय त्या भिंतीवर त्याचं नाव येईल का?"

शॉर्टस्टॉप म्हणजे मैदानाच्या डाव्या अंगाला उभा असणारा क्षेत्ररक्षक. भिंतीवर नाव यायला अट एकच होती. वरच्या संघातून किमान एक अधिकृत सामना. "असेल तर येईल," मी म्हटलं.

आता ती वही कशी असते ते सांगते. बेसबॉलचे नऊ डाव म्हणून पानावर नऊ उभे स्तंभ, आणि नऊ फलंदाज म्हणून नऊ आडव्या ओळी. प्रत्येक चौकोनात एक छोटा तिरका चौरस छापलेला, तोच मैदानाचा नकाशा. फलंदाजाचं काय झालं ते त्यात खुणांनी भरायचं. बाद झाला तर साध्या पेन्सिलीने, यशस्वी फटका असेल तर लाल पेन्सिलीने. सामना संपला की निकाल, शेरे, शिक्के वगैरे वरच्या कोपऱ्यात शाईने. हे सगळं सगळ्या वह्यांत एकाच हाताने भरलेलं होतं, वेलांटीसुद्धा न हलणाऱ्या हाताने. तो हिशेबनीस कोण ते कळलं नाही, कारण त्याने आपलं नाव शाईने लिहिलं होतं. समुद्राने सगळी शाई नेली होती आणि पेन्सिल तशीच ठेवली होती.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत किकुची शोधायचे. निगुनच्या सामन्यांत तो सतत होता, पान उघडलं की आठव्या ओळीत. सदतिसाव्या वहीत, वरच्या संघाच्या सामन्यांमध्ये, तो सापडला. आठवी ओळ, तिसरा डाव, डाव्या बाजूला जाणारी लाल रेघ. मी डबा तसाच टाकून उभी राहिले. मोरिता-सान घाबरून विचारायला लागले, कुरुकारुनी-सान, बरं नाही का?

लीगच्या अधिकृत यादीत किकुची हे नाव नव्हतं. टेस्टरला याहून मोठी मेजवानी नाही. अधिकृत यादीत चूक, आणि माझ्याकडे पुरावा. मी नोंद भरली आणि नाव यादीत घातलं. मग जे करायचं नव्हतं ते केलं. क्लायंटच्या कामाबद्दल बाहेरच्या कुणाशी आपण परस्पर बोलायचं नसतं, सगळं हिरोसे-सानांमार्फत. मी बाहेर जाऊन माझ्या मोबाइलवरून किकुची-सानना फोन केला.

"सापडला! तिसरा डाव. शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून डावीकडे. अगदी ते सांगायचे तसाच."

पलीकडे ती हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "मला थोडा संशय होता हो. चाळीस वर्षं मला थोडा संशय होता." भिंतीवर नाव कधी लागणार, शेजाऱ्यांना सांगू का, सगळं विचारून घेतलं. सांगा, मी म्हटलं.

तीस वर्षांत माझ्या कामामुळे कुणी असं हसल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात जेवायला बसल्यावर मी घरी सगळी कथा सांगितली. प्रकाश खूष झाला. मुलगी मुक्ता तेरा वर्षांची होती, शाळेच्या बेसबॉल क्लबात मॅनेजर, म्हणजे मुलांचं पाणी, पट्ट्या आणि स्कोअरबुक सांभाळणारी. मराठी तिला पूर्ण कळायची, उत्तर मात्र जपानीत यायचं. फोनमधला पानाचा फोटो तिने मोठा करून बघितला आणि वरणाचा चमचा खाली ठेवला.

"आई, सोरे नो-गेम दायो."

"म्हणजे?"

ती जपानीतच समजावत गेली. पानावर चारच डाव भरले आहेत, पाचवा अर्धा आहे. पाच डाव व्हायच्या आत पावसाने सामना थांबला तर तो नो-गेम. म्हणजे सामना झालाच नाही. त्यातलं कुणाचंच काही धरत नाहीत.

"अगं पण त्याने मारला ना फटका?" प्रकाश म्हणाला. "आपल्याकडे पावसाने मॅच वाया गेली तरी काढलेल्या रन्स जात नाहीत. रन्स त्या रन्स."

"बाबा, हे क्रिकेट नाही," मुक्ता म्हणाली, या वेळी चक्क मराठीत. "होमरन मारला तरी जातो. सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना, म्हणजे त्या देशातल्या दहा वर्षांच्या पोरालाही. मी क्रिकेटवर वाढलेली, मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. चारच डाव भरलेले मला दिसत होते. मला वाटलं, पावसाने खेळ तिथे थांबला असेल, पण झालेलं ते झालंच. नो-गेमचा शिक्का कोपऱ्यात असणार आणि तो शाईचा होता.

रात्रभर वगैरे मी तळमळले नाही. गप्प बसता आलं असतं हे मात्र मला कळत होतं. यादीला मंजुरी मिळाली होती, अक्षरं ओतायला गेली होती, आणि एक्केचाळीस वह्या उघडून बघणारी पृथ्वीतलावर मी एकटी होते. पण वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडलेली बाई स्वतःची चूक लपवते हे मला झेपेना. त्याला प्रामाणिकपणा म्हणा, नाहीतर धंद्याची मस्ती म्हणा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला पोचल्याबरोबर मी स्वतःवरच बग नोंदवला: अनधिकृत सामन्यातील खेळाडू यादीत. कारण, टेस्टरचा नियमांबाबत गैरसमज.

मोरिता-सानांनी तो दोनदा वाचला. "हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं," ते हळूच म्हणाले. ते माझं कौतुक करत होते की मला वेड्यात काढत होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

हिरोसे-सान दुपारी आले. रागावले नाहीत, पण मी परस्पर फोन केल्याचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, नाव राहू देता येईल का? एक ओळ खाली घालून? या सामन्याची नोंद अधिकृत नाही, असं लिहून?

"कुरुकारुनी-सान, नो-गेम म्हणजे मोजला नाही असं नव्हे. नो-गेम म्हणजे झाला नाही. मोठमोठ्या खेळाडूंचे होमरन पावसात गेले आहेत. त्यांनी कधी मागितले नाहीत. एकाला दिलं तर त्या सगळ्यांचं काय?"

त्यांचं बरोबर होतं. मग मला तो प्रदर्शनीय सामना आठवला, फोटोसकट यादीत बसलेला, अध्यक्षांच्या एका चेंडूसाठी. तोही नियमाने झालेला नव्हता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मोरिता-सानांनी माझ्याकडे बघितलं. ते मला चांगले ओळखून होते. आमच्या कंपनीचं पुढच्या वर्षाचं काम त्याच संघाकडून यायचं होतं. मी ते वाक्य गिळलं.

आता किकुची-सानना कळवायला हवं होतं. हिरोसे-सान म्हणाले, फोन तुम्ही केला होता, तेव्हा दुसराही तुम्हीच केलेला बरा, मजकूर आम्ही देऊ. संध्याकाळपर्यंत कागद आला. तीन वाक्यं, अतिशय आदबशीर जपानीत. आपणांस यापूर्वी दिलेल्या माहितीत चूक होती. आमच्या डेटामधील त्रुटीमुळे आपणांस तसदी झाली. त्याबद्दल मनःपूर्वक क्षमा असावी.

फोन स्पीकरवर होता. एका बाजूला मोरिता-सान, दुसऱ्या बाजूला हिरोसे-सान. मी तीन वाक्यं वाचली.

"म्हणजे," किकुची-सान म्हणाली, "ते नाव दुसऱ्या कुणाचं होतं का?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. हिरोसे-सानांनी पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचलं, "नोंद चुकीची होती. फार वाईट वाटतं."

"असं होय," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, नाही, तुमची काय चूक. तो पिऊन सांगायचा. तुम्ही एवढ्या कामात असून शोधलंत, त्यातच सगळं आलं." आणि तिनेच माझी माफी मागितली, मला त्रास दिल्याबद्दल.

फोन बंद झाला. मला दिसत होतं की काय झालंय. तिला वाटलं होतं, फटका कधी मारलाच नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी मारला, मी पानावर बघितलाय, फक्त पाऊस आला. ते जपानी मला येत होतं. माझ्या बाजूला दोन माणसं बसली होती एवढंच. तीही वाईट माणसं नव्हती, मोरिता-सानांनी तर मला यंत्रातून कॉफी आणून दिली. मी ती प्यायले.

दुसऱ्या दिवशी नाव यादीतून गेलं. मी तपासलं, नाव नव्हतं, मी बग बंद केला.

हंगामाच्या सुरुवातीला भिंतीचं उद्घाटन झालं. आम्हा कंत्राटदारांना मागच्या रांगेत उभं केलं होतं. अध्यक्ष बोलले. समुद्रातून परत आलेल्या वह्यांचा उल्लेख आला, संघाचा इतिहास लाटेलाही पुसता आला नाही, वगैरे. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. काचेच्या पेटीत एक वही उघडून ठेवली होती. कुठली तरी विजेतेपदाच्या वर्षाची, लाल पेन्सिलीने भरलेली.

पाच महिने मी मनाशी म्हणत होते की जाऊन सांगायचं. उन्हाळ्यात एका शनिवारी गेले. सदतिसाव्या वहीतलं ते पान ऑफिसात छापून घेतलं आणि डब्याच्या पिशवीत घडी घालून बाहेर काढलं. नोकरीतली माझी ही एकमेव चोरी. किकुची-सान आता कासेत्सुमध्ये, म्हणजे घरं गेलेल्यांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या वसाहतीत राहत होती. पत्र्याच्या लांबलचक रांगा, प्रत्येकाला दीड खोली. मला बघून तिला आनंदच झाला. बिस्किटांचा खोका दोन्ही हातांनी घेतला, चहा केला. कोपऱ्यात लहानसा देव्हारा होता, आणि त्यात नवऱ्याचा फोटो. बहिणीच्या लग्नाच्या ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा धूसर.

मी पान उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि आठव्या ओळीवर बोट ठेवलं. ही लाल रेघ. डावीकडे जाते. म्हणजे शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून. सगळं खरं होतं. पाच डाव व्हायच्या आत पाऊस आला म्हणून सामना रद्द झाला, म्हणून नाव नाही. चूक माझी झाली, मी नियम न कळता नाव घातलं, आणि मग फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं.

तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. नो-गेम म्हणजे काय ते तिला समजावावं लागलं नाही. तिलाही ते माहीतच होतं. त्या देशात सगळ्यांना माहीत असतं.

"पहिला फोन आला तेव्हा," ती म्हणाली, "मी लाल भात केला होता." तिथे शुभकार्याला लाल दाणे घालून भात करतात. "या रांगेत सगळ्यांना वाटला. चौदा घरं. प्रत्येक घरात सांगितलं की आमचे हे खरं बोलत होते."

"आणि दुसऱ्या फोननंतर?"

"पुन्हा चौदा घरं," ती म्हणाली. "दारात वाकून सांगितलं, आमच्या ह्यांनी थाप मारली होती, तुम्हाला उगाच आनंद करायला लावला, माफ करा."

चुकांची मला सवय होती, पण माझ्या चुका स्क्रीनवर असायच्या. या चुकीने पत्र्याच्या चौदा दारांपुढे एका म्हातारीला कमरेत वाकवलं होतं.

"आणि त्यांनाही सांगितलं," देव्हाऱ्याकडे मान करून ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे आता. आता ती गोष्ट सांगायची गरज नाही. मला तुम्ही तसेही चालला असतात."

मग तिने ते पान उचललं आणि फोटोला टेकवून उभं केलं. उदबत्ती लावली, छोटी घंटी वाजवली, आणि चटईवर कपाळ टेकवून, मोठ्याने, नीट शब्दांत म्हणाली, "माफ करा. तुम्ही खरं सांगत होतात. मी विश्वास ठेवला नाही."

ती बराच वेळ तशीच वाकून होती. मी तिच्यामागे चहाचा पेला हातात धरून बसले होते. ती माफी माझी होती. ती त्या दिवशी स्पीकरवर, एका वाक्यात, मागून होण्यासारखी होती. ती तिने मागितली, माझ्यादेखत, माझ्या फोनमुळे जो चौदा घरांत खोटा ठरला होता त्या माणसाकडे.

नंतर तिने मला बसथांब्यापर्यंत सोडलं. पान दाखवायला पुन्हा चौदा घरी जाणार का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या प्रोजेक्टची कागदपत्रं अजून कुठल्यातरी सर्व्हरवर असतील. त्यात माझा तो बग आहे. चूक दुरुस्त केली, दुरुस्ती तपासली, काही शिल्लक नाही, असं लिहिलेलं. खाली तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे.